कार्तिकातली राखाडी पाहुणी

सूक्ष्माहून सूक्ष्म जीवाच्या ठायीही जो तितक्याच पूर्णत्वाने वास करतो, त्या श्रीदामोदराच्या चरणी मस्तक ठेवून हा लेख लिहावयास घेते. निमित्त कार्तिक शुद्ध द्वादशीचे. आज तिकडे घरोघरी वृंदावनांना गेरू लागला असेल, ऊस उभे राहिले असतील, चिंचा-आवळ्यांनी परड्या भरल्या असतील. मी मात्र जपानच्या दक्षिणेकडील एका लहानशा बेटावर, मुलीच्या घराच्या मागील पायरीवर बसले आहे; आणि या घरात तुळस नाही. ती का नाही, हे सांगण्यासाठीच हा प्रपंच. सांगितल्याने काही हलके होईल अशी माझी समजूत नाही. परंतु ज्या ऋतूत ते घडले तो ऋतू पुन्हा दाराशी येऊन उभा आहे, आणि त्याच्याकडे पाठ करून बसणे मला योग्य वाटत नाही.

बेटाचे नाव लिहीत नाही. येथील लोकांनी माझ्यामुळे जे सोसले तेवढे पुरे आहे. तोक्योच्या बंदरातून सुटलेले जहाज अख्खा एक दिवस दक्षिणेकडे चालत राहते, तेव्हा हे बेट दृष्टीस पडते. आठवड्याला जहाज एकच. हिवाळा नावापुरता. पहिल्या दिवशी समुद्राकाठी केतकीसारखी बने पाहिली, अंगणात पपया पाहिल्या, तेव्हा मनात आले की देवाने मला फार दूर आणलेलेच नाही.

या गोष्टीला अडीच वर्षे होत आली. माझी मुलगी मृदुला वीस वर्षांपूर्वी शिन्जीशी विवाह करून या देशात स्थिरावली. जावयाला अहो-जाहो करण्याची आमच्याकडची रीत, पण पहिल्याच भेटीत त्याने पाठ केलेल्या मराठीत मला सांगितले, "आई, मला तू म्हणा. तुम्ही म्हटलं की ऑफिस वाटतं." मिरजेच्या शाळेत छत्तीस वर्षे संस्कृत शिकवून मी निवृत्त झाले, पुढे यजमान गेले, आणि मी या दोघांच्या तोक्योतल्या निशी-कसाईच्या घरी राहावयास आले. शिन्जी बेटांवरच्या वनस्पतींची आणि प्राण्यांची राखण करणाऱ्या एका लहान कचेरीत काम करतो. त्याची येथे बदली झाली आणि आम्ही तिघे आलो.

घराच्या मागे टेकडीचा उतार सुरू होतो. त्यावर पुरुषभर उंचीची, जाड चकचकीत पानांची झुडपे आहेत. तसली झुडपे बेटावर अन्यत्रही आहेत. परंतु त्यांच्या पानांवर वाढणारा एक लहानसा पतंग मात्र आता या एकाच उतारावर उरला आहे. पूर्वी तो प्रत्येक दरीत होता म्हणतात. मोकाट शेळ्यांनी, वादळांनी, नव्या रस्त्यांनी तो एकेका दरीतून पुसला गेला. जगात दुसरीकडे तो नाही. शिन्जीच्या कचेरीतल्या नकाशावर आमच्या परसामागे एक तांबडे वर्तुळ काढलेले होते, आणि त्या वर्तुळात एका जिवाचे सगळे गोत्र मावत होते.

त्या गोत्राची खबर ठेवणारी बाई म्हणजे आमच्या शेजारीण ओकु-सान. वय अठ्ठ्याहत्तर, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. उसाचा लहानसा तुकडा, दोन पपया आणि गुडघेदुखी, एवढा त्यांचा संसार. शाळकरी वयापासून दर वर्षी हे पतंग कोशातून बाहेर पडण्याच्या दिवसांत त्या पहाटे उतारावर जातात आणि ते मोजतात. कोणी सांगितले म्हणून नव्हे. पतंगाचे शास्त्रीय नाव त्यांना पाठ आहे, पण त्या कधी उच्चारत नाहीत. त्या त्याला 'ओक्याकु-सान' म्हणतात. ओक्याकु-सान म्हणजे पाहुणी.

पहिल्या कार्तिकात त्यांनी मला दाखवावयास नेले. उजाडत होते. ओकु-सानच्या हातात एक गोल आरसा होता, बायकांच्या पर्समध्ये असतो तसला, काठाचा मुलामा उडालेला. पानाला हात न लावता त्या तो पानाखाली धरीत आणि आरशात पाहत. "पान उलटायचं नाही," त्यांनी बजावले, आणि मृदुलाने मला मराठीत सांगितले. "पाहुणी अंथरुणातून उठत असते. तिचं पांघरूण कोण ओढतं?"

आरशात प्रथम मला काहीच दिसले नाही. मग पानाच्या गुंडाळीच्या तोंडाशी राखेचा एक कण हलला. तो चढून पानाच्या शिरेला लोंबकळला, आणि त्याच्या पाठीवरची दोन ओली, चुरगळलेली चिमटीएवढी वस्त्रे उलगडू लागली. धुऊन पिळलेले रेशमी सोवळे झटकावे आणि ते हळूहळू सरळ व्हावे, तसे ते पंख उतरत गेले. पुढच्या पंखांचा रंग ओल्या भस्मासारखा. त्यावर तिरपी, अगदी बारीक पांढरी रेघ, स्थिर हाताने गंध ओढल्यासारखी. टोकाशी तांब्याचा एक ठिपका, नुकत्या घासलेल्या ताम्हनाच्या झळाळीचा. मागचे पंख झाकलेलेच असतात. पण ती क्षणभर थरथरली तेव्हा त्यांचा फिका पिवळा रंग दिसला, हळदीकुंकू झाल्यावर हात धुवावा आणि बोटाला जेवढी हळद राहावी तेवढाच. सगळा पसारा माझ्या करंगळीच्या नखावर मावेल इतका. पंख मिटून ती छपरासारखी बसली, आणि पाहता पाहता पानावरचा मळ होऊन गेली.

"हिला तोंड नाही," ओकु-सान म्हणाल्या.

मला वाटले मृदुलाच्या भाषांतरात काही चूक झाली. पण खरेच तसे आहे. अळी असताना खाते तेवढेच. पंख फुटल्यावर अन्न नाही, पाणी नाही. पाच-सहा दिवस जगावयाचे, जोडीदार शोधावयाचा, अंडी घालावयाची आणि गळून पडावयाचे. आयुष्यभर एकादश्या केलेल्या मला त्या निराहार जिवापुढे आपल्या साबुदाण्याची लाज वाटली. तसे बोलून दाखवल्यावर मृदुला हसत म्हणाली, "आई, आता उपासाला कॉम्पिटिशन आली तुझ्या!" तिने ते ओकु-सानना सांगितले आणि त्या इतक्या हसल्या की झुडूप हलू नये म्हणून त्यांना तोंडावर हात दाबावा लागला.

जुन्या काव्यांतून मी पतंग शिकवला तो नेहमी दिव्यापाशीच. तो येतो, झेपावतो, जळतो. आणि शिक्षिका फळ्यावर अलंकाराचे नाव लिहिते. छत्तीस वर्षांत एकाही पतंगाचा रंग मी पाहिला नव्हता. त्याला पान लागते, पंख वाळावयास अर्धी घटका लागते, त्या अर्ध्या घटकेत त्याला पळता येत नाही, हे मला कोणी विचारले असते तर मी निरुत्तर झाले असते.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे वळले पाहिजे.

निशी-कसाईत मराठी बायकांची एक रीत आहे. तोक्योची थंडी तुळशीला सोसत नाही. म्हणून मार्गशीर्षापासून कुंड्या घरात येतात, खिडकीशी ठेवल्या जातात, आणि तरीही बहुतेक वाळतात. ज्या घरची जगते ती बाई चैत्रात इतरांना रोपे वाटते. दोन वर्षे लागोपाठ माझीच तुळस जगली होती. गच्चीशेजारच्या फ्लॅटमधल्या तरुण मुली ओंजळीत माती घेऊन माझ्या दारी येत, "काकू, तुमचा हात लागू दे" म्हणत. मला त्याचा अभिमान होता. तो अभिमान भक्तीच्या वस्त्राखाली इतका नीट बसला होता की मला तो वेगळा ओळखता आला नाही.

निघावयाच्या आदल्या आठवड्यात मृदुलाने सांगितले, "आई, झाड नाही नेता येणार हं. मातीसकट काहीच नाही. मातीतून किडे जातात, जंत जातात. तिथले प्राणी वेगळे आहेत, त्यांना सवय नसते. शिन्जीचं तर कामच ते आहे."

"बरं," मी म्हणाले.

आणि पिठाच्या स्टीलच्या डब्यात ओले फडके अंथरून, छोट्या मातीच्या कुंडीसकट ती तुळस मी देवांच्या पेटीत बाळकृष्णाशेजारी ठेवली. मनाशी म्हटले, ही माती नव्हे. हिला रोज पाणी घातले, हिच्यापुढे दिवा लावला. हे वृंदावन आहे, आणि वृंदावनाला कसला मज्जाव?

जहाजावर चढण्याआधी एक ओली चटई होती. प्रत्येकाने पादत्राणांचे तळवे तेथे ब्रशाने घासावयाचे. शिन्जी माझ्यापुढे वाकून म्हणाला, "आई, मी करतो. पाय वर." त्याने माझ्या चपलांच्या खाचांतून कण न् कण काढला. मी एका हाताने कठड्याला धरले होते, दुसऱ्या हातात देवांची पेटी होती. तेथील तरुणीने पेटीकडे पाहून नम्रपणे विचारले, रोपे, माती, बिया काही आहे का. शिन्जी माझ्याकडे वळला. मी नकारार्थी मान हलवली. त्याने घरातल्या सर्वांच्या वतीने कागदावर सही केली आणि पेटीला हात जोडले.

महिनाभर तुळस मी माझ्या खोलीत दडवली. मग ती मागच्या पायरीवर आणली आणि जेवताना सहज सांगितले की मंजिऱ्या होत्या जवळ, त्या पेरल्या. शिन्जीने भाताचा वाडगा खाली ठेवला. मग म्हणाला, "बी पण विचारून, आई. पण आता आहे तर कुंडीत. जमिनीत नको." तो आपल्या कामाला गेल्यावर मृदुलाने तुळशीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

"एका महिन्यात एवढी उंच? तुझ्या देवाला भलतीच घाई दिसते."

"बेटाची हवा चांगली आहे," मी म्हणाले.

तिने पुढे विचारले नाही. तिला कळले होते. लेकीने आईचे खोटे झाकून घ्यावे, हेही ओझे मी तिच्यावर टाकले.

उष्ण हवेत तुळस फोफावली. कुंडीच्या तळाच्या भोकातून पिवळट तपकिरी, तिळाहून बारीक मुंग्या येऊ-जाऊ लागल्या. निशी-कसाईच्या गच्चीत त्या होत्याच. त्यांना पाहून मला आपली माणसे भेटल्यासारखे झाले. आमच्या घरी मुंग्यांना साखर घालण्याची रीत माझ्या सासूबाईंपासूनची. पूजा आटोपली की चिमूटभर साखर, कधी कणीक, मुंग्यांच्या वाटेवर टाकावयाची. मुक्या जिवाच्या तोंडी घास गेल्याखेरीज आपण जेवावयाचे नाही. ती रीत मी येथे चालू ठेवली. रोज, न चुकता, वर्षभर.

"मुंग्यांना मूठभर साखर," मृदुला कुरकुरे, "आणि मला चहात अर्धा चमचा!"

ओकु-सानही कधी कुंपणापाशी थांबून गंमत करीत. "सेन्सेई, तुमचा देव फार पाणी पितो." मी शिक्षिका म्हणून त्या मला सेन्सेई म्हणत. मी हसत असे. आमच्यात शब्द थोडे होते, पण त्या मला पपई देत आणि मी त्यांना लाडू देई. दोन म्हाताऱ्यांना त्याहून जास्त भाषा लागत नाही. पहिल्या तुळशीच्या लग्नाला त्यांनी आपल्या शेतातले दोन ऊस आणून उभे केले होते, आणि अक्षता टाकताना त्यांचा नेम सारखा शिन्जीच्या चष्म्यावर लागत होता.

मग गेल्या वर्षीचा कार्तिक आला.

उत्तरेचा वारा सुटला, समुद्राचा रंग पालटला, आणि ओकु-सान आरसा घेऊन उतारावर जाऊ लागल्या. पहिले दोन दिवस त्या परतताना नुसत्या 'नाही' अशी मान हलवून गेल्या. तिसऱ्या दिवशी, दशमीला, त्या आमच्या दाराशी आल्या. त्यांच्या हातात घडी केलेला पांढरा कागद होता. त्यांनी तो पायरीवर उलगडला. त्यात एक पाहुणी होती. पंख उलगडलेच नव्हते; पाठीवर दोन ओल्या सुरकुत्या, आणि पोटाच्या जागी पोकळी. तिला चार मुंग्या अजून चिकटलेल्या होत्या. पिवळट तपकिरी. तिळाहून बारीक.

मी त्या मुंग्यांना ओळखले. जन्मभर ज्यांना भरवले त्यांना कोण ओळखणार नाही?

ओकु-सान रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. काठी टेकत पुन्हा उतारावर गेल्या आणि तेथून मुंग्यांच्या रांगेच्या मागे मागे चालू लागल्या. कमरेत वाकून, नजर जमिनीवर, एकेक हात अंतर. दगडावरून, नळाच्या कडेने, कुंपणाखालून. मी पायरीवर उभी राहून पाहत होते. मला ठाऊक होते ती रांग कोठे संपते. त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना आमच्या पायरीशी पोहोचावयास बराच वेळ लागला. तेथे कुंडी होती. कुंडीपुढे मी नुकतीच टाकलेली साखर होती.

तुळस हे माझे दैवत आहे हे त्या जाणत होत्या. म्हणून त्यांनी प्रथम तिला हात जोडले. मग मृदुलाला विचारले, आणि मृदुलाने तो प्रश्न माझ्याकडे न पाहता मला सांगितला. "त्या विचारतायत, हे झाड कुठून आलं?"

उत्तर एका वाक्याचे होते. मुंग्या बेटावरच्याच असत्या तर करण्यासारखे फारसे नव्हते. बाहेरून आलेल्या, एकाच कुंडीतून पसरलेल्या असत्या, तर त्याच दिवशी कुंडी नष्ट करून उतार वाचवण्याचा प्रयत्न करता आला असता. हे मला तेव्हा तपशिलाने कळत नव्हते असे म्हणून मी सुटका करून घेणार नाही. मला एवढे कळत होते की खरे बोलले तर तुळस जाईल. आणि दोन दिवसांवर तिचे लग्न होते.

"मंजिऱ्यांपासून," मी म्हणाले.

ओकु-सान घरी गेल्या. मृदुला माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. "आई, आपण काय करतोय?"

"लग्न लागू दे. मग मी सांगते शिन्जीला."

"आणि तोवर?"

"दोन दिवसांनी काय होणार आहे?"

"रोज सकाळी बाहेर पडतायत त्या, आई. रोज."

मी देवापुढे जाऊन बसले. कुमारिका तुळस टाकून देणे म्हणजे केवढे पातक, असा विचार मी करीत होते. त्या वेळी उतारावर काय चालले होते ते मी ऐकू शकत नव्हते, कारण त्या जिवाला तोंडच नाही.

द्वादशीला गोरज मुहूर्तावर लग्न लागले. मृदुलाने आणि शिन्जीने अंतरपाट धरला. ओकु-सान याही वर्षी ऊस घेऊन आल्या होत्या. एकच ऊस, कारण दोन आणण्याचे बळ त्यांच्यात उरले नव्हते. मी मंगलाष्टके म्हटली. बाळकृष्णाच्या पायाशी, कुंडीच्या काठावरून, त्या बारीक मुंग्यांची रांग संथपणे चालली होती, वऱ्हाडासारखी. अक्षता पडल्या तशी ती क्षणभर विस्कटली आणि पुन्हा जुळली.

दिवा शांत होण्याआधीच मी शिन्जीला बोलावले आणि सर्व सांगितले. डबा, फडके, जहाज. तो मांडी घालून बसला होता. त्याने पाठ सरळ केली. मग मला समजावे म्हणून त्याने मराठी शब्द एकेक शोधून काढले.

"आई, जहाजावर मी सही केली."

एवढेच. मी त्याहून कठोर वाक्य कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोठे पातेले घेऊन आला. कुंडी, माती, मूळ, मुंग्या, अंडी, सगळे उकळत्या पाण्याने मारावयाचे, असा नियम आहे. तो म्हणाला, "आई, आत जा." मी म्हणाले, "आणली मी. मी करते." पहिले भांडे ओतले तेव्हा पाने एकदम गर्द हिरवी झाली आणि मग काळवंडून खाली लोंबली. कालच्या लग्नाची हळद तिच्या खोडावर होती; ती वाहून गेली. दुसरे भांडे. तिसरे. मुंग्या भोकातून लोंढ्याने बाहेर आल्या, पांढरी अंडी तोंडात धरून, आणि गरम पाण्यात गुंडाळ्या होऊन तरंगू लागल्या. वर्षभर मी ज्यांना घास दिला त्याच त्या. आणि साऱ्या घरभर काढ्याचा वास पसरला. मृदुलाला लहानपणी पडसे झाले की मी तुळशीचा काढा करीत असे, तोच वास, तीच वाफ. ती ओट्याशी उभी राहून हुंदके देत होती. त्या वासाने मला आजही अन्न जात नाही.

पुढचे थोडक्यात लिहिते. उतारावर माणसे आली. झुडपांच्या बुंध्याशी लहान डब्या ठेवल्या गेल्या. आत मुंग्यांसाठी विष होते, साखरेत कालवलेले. गावाच्या सभागृहात शिन्जीने सर्वांपुढे कमरेतून वाकून क्षमा मागितली. त्याच्या शेजारी मृदुला वाकली, तिच्या शेजारी मी. किती वेळ वाकून राहावयाचे ते मला ठाऊक नव्हते. मी शिन्जीच्या पायांकडे पाहत राहिले. मान वर केली तेव्हा समोरच्या ओळीत ओकु-सानही वाकलेल्या होत्या, आमच्याकडे. त्यांनी कसली क्षमा मागावयाची होती? शिन्जीची नोकरी राहिली, पण त्या उताराचे काम त्याच्याकडून काढून घेतले गेले. आता तो बेटाच्या दुसऱ्या टोकाला पायवाटा दुरुस्त करतो. घरी तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो, ताटात वाढलेले सगळे संपवतो, "आई, भारी" म्हणतो. फक्त देवांच्या पेटीकडे पाहून हात जोडत नाही.

ओकु-सानकडे मी एकटी गेले, वहीत लिहून नेलेली जपानी वाक्ये घेऊन. दशमी, एकादशी, द्वादशी. माझ्या मौनाचे तीन दिवस. त्यांनी आपली नोंदवही उघडून ती पाने दाखवली. त्या तीन दिवसांत अकरा पाहुण्या पानांबाहेर आल्या होत्या. उडताना त्यांनी एकही पाहिली नव्हती. मी वाचावयास सुरुवात केली, पण तिसऱ्या वाक्याला त्यांनी माझी वही हळूच मिटली आणि चहा ओतला. त्यांनी मला क्षमा केली की केली नाही, हे मला समजले नाही. मी विचारलेही नाही. क्षमा मागून घेणे हीसुद्धा एक प्रकारची मिळकतच असते, आणि मला काही मिळू नये असे वाटत होते.

वर्षभर मी एका प्रश्नाशी बसले आहे: हे मी कोणासाठी केले? मी हे सारे देवासाठी केले, असे मी तेव्हा म्हणाले असते. मज्जावाची चटई ओलांडताना, साखर टाकताना, लग्न लागू द्या म्हणताना, माझ्या मनात द्वेष नव्हता, लोभ नव्हता. सगळे सोवळ्यात झाले. हेच मला भिववते. पाप करताना माणसाचा हात थरथरतो म्हणतात. माझा थरथरला नाही, कारण त्यात पळी-पंचपात्र होते. माझ्या पूजेच्या वर्तुळात तुळस होती, मुंग्या होत्या, बाळकृष्ण होता. पन्नास पावलांवरची ती राखाडी पाहुणी नव्हती, आणि मी तिला प्रत्यक्ष पाहिलेले असूनही नव्हती.

यंदा उत्तरेचा वारा सुटून आज अकरावा दिवस. मुंग्या आता दिसत नाहीत. डब्या काढून नेल्या. ओकु-सानच्या गुडघ्यांनी उतार चढणे सोडले, म्हणून त्या खाली नळापाशी पालथ्या बादलीवर बसतात आणि मी वर जाते. एकेका पानाखाली आरसा धरते. आरशात पानाची पाठ दिसते, शिरा दिसतात, कधी गेल्या वर्षीची फाटकी गुंडाळी दिसते. वरच्या बाजूला माझा सुरकुतलेला डोळा दिसतो. सकाळभर पाहून मी उतरते आणि मान हलवते. ओकु-सान वहीत तारीख लिहितात आणि पुढे एक शून्य काढतात. घाईने नाही, ब्रशाने काढावे तसे, गोल, मिटलेले.

आज त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. "उद्यापासून तुम्ही लिहा, सेन्सेई." मृदुला बरोबर होती, तिने सांगितले.

मी म्हणाले, "जे नाहीच ते काय लिहू? कोणाला उपयोग?"

मृदुलाने विचारले. ओकु-साननी काठीने उताराकडे दाखवले. मग त्या जे बोलल्या ते मृदुलाने दोनदा ऐकून घेतले आणि मगच मला सांगितले. "त्या म्हणतायत, आली तेव्हा मोजायला कोणीही येतं. आली नाही तेव्हा दाराशी कोणीतरी बसलेलं असावं."

त्यांना पुढच्या वर्षीची आशा आहे की नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाचता आले नाही. शिन्जी म्हणतो, एखादी अळी कोठेतरी राहिली असेल. तो हे म्हणतो तेव्हा माझ्याकडे पाहत नाही. मी वही घरी आणली आहे. उद्याची तारीख लिहून ठेवली आहे, पुढची जागा मोकळी आहे. उद्या उजाडता मी वर जाईन, सगळी पाने पाहीन, आणि जे दिसेल ते लिहीन. परवाही. माझे पाय चालतील तोवर.

वाचकहो, आपल्या घरी आज दिवे लागले असतील. त्या दिव्यांच्या उजेडात आपली मुलेबाळे सुखरूप असोत. आपल्या दारची तुळस हिरवी राहो, आपल्या पानात अन्न आणि आपल्या वाणीत सत्य राहो, आणि ते सत्य सांगावयास आपल्याला तीन दिवस न लागोत. आपली पूजा आपल्या उंबऱ्याबाहेरच्या कोणा मुक्या जिवाला भोवू नये. आणि जर कधी भोवलीच, तर आपल्यापुढे ओकु-सानसारखे कोणी बसलेले असो. श्रीदामोदर आपल्या कुळाचे आणि आपण ज्यांना ओळखत नाही अशा सर्व कुळांचे रक्षण करो.